वाकडं खणण्याची कला

तीर्थस्वरूप मामा,

शिरसाष्टांग नमस्कार. (पाठीच्या दुखण्यामुळे आठ अंगांपैकी सहाच टेकतात. उरलेली दोन मनानं टेकली असं समजावं.) तुमचा गुडघा, मामींचा खोकला आणि बांडी गाय, तिघांचं बरं चाललं असेल. तुम्ही माझ्याशी तेवीस वर्षं बोलत नाही हे मी विसरलेलो नाही, पण पत्र वाचायला बोलावं लागत नाही, म्हणून लिहितोय. खाणीसाठी तुमच्या चराईच्या माळाचा पहिला घास माझ्याच खोदायच्या मशीननं घेतला, हे खरंय. आता खाण बंद झालीय आणि त्याच मशीनवर बसून मी तो खड्डा बुजवून पुन्हा कुरण करतोय. येत्या गुरुवारी तपासणी आहे. अधिकाऱ्यांसमोर गुरं चरली तर कुंपण निघेल आणि कुरण सगळ्यांना खुलं होईल. नाही चरली, तर तिथे कचरा टाकायचा ठराव तयारच आहे.

आता माझे प्रताप ऐका. आमच्यावर एक गवतवाल्या बाई नेमल्यात. (शिक्षण दांडगं. चिमूटभर मातीवरून जमिनीची कुंडली मांडतात.) पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "काका, जमीन खडबडीतच ठेवा हं." मला वाटलं, माझ्या वयाकडे बघून सांभाळून घेतायत. अहो, तीस वर्षं मशीन चालवतोय मी! मी सपाट केलेल्या जागेवर काठोकाठ भरलेला पेला ठेवा, थेंब सांडणार नाही. अभिमान नडला, दुसरं काय. रविवारी सुट्टी असताना एकटाच गेलो आणि अख्खा उतार चोपून असा गुळगुळीत केला की नुसतं बघत राहावं. सोमवारी बाई आल्या, त्यांनी बघितलं आणि मटकन खालीच बसल्या. मला वाटलं, भारावल्या. मी आपला हाताची घडी घालून कौतुकाची वाट बघत उभा!

जमिनीत खळगे असले की पाणी थांबतं, बी अडकतं आणि रुजतं, हे मला पाऊस पडल्यावर कळलं. तोवर बाईंनी पेरलेलं सगळं बी घसरत घसरत थेट ऑफिसच्या फाटकाशी पोचलं होतं. उताराला टक्कल, आणि साहेब गाडी लावतात तिथे कमरेएवढं गवत! (साहेब रजेवरून परतले तेव्हा आपण भलत्याच ऑफिसात आलो असं वाटून गाडी वळवायला लागले होते.) मग माझी शिकवणी सुरू झाली. बाई पुढे, मी मागे. "काका, इथे वाकडं. अजून वाकडं. हे फार नीट आलंय, मोडा." मामा, ज्या चुकांवरून जन्मभर दुसऱ्यांना झापलं त्याच आपण मन लावून करायच्या, याला छातीच लागते. दोन महिने हात आपोआप सरळ जायचा. आता मात्र माझ्याइतकं वाईट खणणारा शोधून सापडायचा नाही.

पुढच्या वर्षी खळग्याखळग्यातून गवत वर आलं, तर एका टिटवीनं नेमकी माझ्या मशीनपुढे चार अंडी घातली. बाईंनी लाल झेंडी रोवली. मशीन महिनाभर बंद, आणि राखणीला कोण? मी! ज्यांची राखण करावी त्यांनीच अंगावर धावून यावं, हा अनुभव तोवर मला फक्त घरी होता. हेल्मेट घालून डबा खायचो. शेवटी एका सकाळी कापसाच्या बोळ्यांएवढी चार पिल्लं तुरुतुरु माझ्या बुटांवरून गेली आणि मामा, मी चक्क रडलो. इतका आनंद मला पगारवाढीनंही झाला नव्हता. आता ससे आलेत, एक खोकडही दिसलं, आणि चंडोल तर असा गातो की मी मशीन बंद करून ऐकत बसतो. (साहेबांना सांगतो, इंजिन तापलंय.)

अडलंय ते एवढंच, की एकही गुराखी गुरं आत घालायला तयार नाही. माती तपासून झाली, गवत तपासून झालं, बाईंनी सगळ्यांसमोर काडी चावून दाखवली, तरी लोक मान हलवून निघून जातात. पण तुम्ही त्याची काळजी करू नका. हे पत्र केवळ खुशालीचं आहे, काही मागायला लिहिलेलं नाही.

कळावे. लोभ तळाशी थोडा उरला असेल तर तेवढा असू द्यावा.

आपला,
मशीनवाला भाचा

ता. क. : सहज सांगतो. प्रत्येक गुराखी मला एकच म्हणाला, "माळ तुझ्या मामांचा गेला. आधी त्यांची गुरं चरू देत, मग आमची." तर गुरुवारी सकाळी आठला गुरं घेऊन येता का? माफी मागायला तेवीस वर्षं जीभ रेटली नाही. चुकलो, मामा.

दुसरा ता. क. : वरचा मजकूर मामींना फोनवर वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "गुरं बुधवारीच निघतील, मीच घेऊन येते. यांना विचारत बसले तर आणखी तेवीस वर्षं जातील." तेव्हा गुरांची सोय झाली. आता तुमच्याकडे माझं काहीच काम उरलेलं नाही. तरी तुम्ही या.