साहेबांनी फोन कुणाला दिला

ताई,

आपले साहेब काल मदतनीस कुत्र्यांच्या परीक्षेत नापास झाले. आता हे घडलंच नाही असं धरून पुढचं वाच. कालपासून घरात सगळे तेच करतायत.

पाण्याची बाटली व्हीलचेअरच्या उजव्या खिशात आहे. फोन दोरीने हाताला बांधून ठेव, पडला तर ओढून घेता येईल. दोन वाजता शेजारच्या काकू डोकावतील.

प्रशिक्षक म्हणाले, तुझा आवाज कमी पडला. साफ चूक. परीक्षेसाठी तू जमिनीवर पडलीस, "फोन आण" म्हणालीस, आणि साहेबांनी तो अदबीने उचलून माझ्या पायाशी आणून ठेवला. त्यांना फक्त तूच भरवायचं, असा नियम होता ना? आठ महिने मी टेबलाखालून बिस्किटं चारत होतो. वाटायचं, मला बघूनही कुणीतरी शेपूट हलवावी.

कुत्र्याशिवाय आई तुला नोकरीच्या गावी एकटीला राहू देणार नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

प्रशिक्षण केंद्रात कबुली द्यायला चाललोय. सोबत अर्जही नेतोय:

"सदर कुत्र्यास अर्जदाराचा कायमचा विसर पडावा, असा लेखी आदेश तातडीने व्हावा, ही नम्र विनंती."