प्याला खाली आहे

बनी पार्क, जयपूर
१० सप्टेंबर १९६१

ती. श्रीपादमामांस,
विभाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आपले पत्र पोचले. त्यात आईने मामींकडे पाठवलेल्या लोणच्याचा उल्लेख नसल्याने आई आपल्या बंधुराजांवर नाराज आहे. माझे हिंदी अजून शाळेच्या पुस्तकातलेच. भाजीवाल्याला मी 'कृपया' म्हणते, तेव्हा मी कोणाशी बोलते आहे हे पाहायला तो मागे वळतो.

आता काळजीचे. फेब्रुवारीतल्या अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांचा उजवा हात बराच सुधारला, पण त्यांचा त्याच्यावरचा विश्वास उडाला आहे. लिहिणे त्यांनी सोडलेच, म्हणून पत्रे माझ्याकडे आली. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मोटार चालवण्याची परवानगी दिली, तेव्हा कार्बोरेटर त्यांनी स्वतः साफ करून बसवला. शहरातल्या शहरात गाडी गुणी मुलीसारखी चालते. कानोत्याच्या रस्त्याला लागून आठ-नऊ मैल झाले, की खोकते आणि बंद पडते; अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते. दोष माझ्या हाताचा, असे बाबा म्हणतात. दसऱ्यानंतर गाडी भंगारवाल्याला द्यायचे त्यांनी ठरवले आहे. गाडी गेल्याचे दुःख मी सोसेन. पण तिच्याबरोबर बाबा आपला हातही मोडीत काढतील, याची मला भीती वाटते.

काल इथले मिस्त्री घीसालालजी सोबत आले होते. गाडी थांबताच त्यांनी कार्बोरेटर उघडला. पेट्रोल साठते तो प्याला खाली आहे, असे त्यांचे निदान. आपण मोटारींत आयुष्य काढले आहे, उपाय कळवावा. लोभाची मागणी दरवेळी काय करायची? तो आहे असे धरूनच लिहिते.

आपली भाची,
विभा

सातारा
१५ सप्टेंबर १९६१

चि. विभास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

शालनला सांग, लोणचे उत्तम होते. पत्र लिहिताना ते संपले होते, एवढाच माझा गुन्हा.

गाडी बंद पडली तर दोनच गोष्टी पाहाव्या : ठिणगी पडते का आणि पेट्रोल पोचते का. गाडी थांबली, की एका प्लगची वायर काढून तिचे टोक इंजिनाच्या लोखंडापासून जरा दूर धर, आणि घीसालालजींना इंजिन फिरवायला सांग. ठिणगी निळी पडली तर उत्तम. पिवळी, मरगळलेली पडली तर वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट घासून घ्यावे आणि त्यांच्यातली फट पोस्टकार्डाच्या जाडीहून किंचित जास्त ठेवावी.

परंतु प्याला खाली आला असेल, तर माझ्या मते रोग तिथेच आहे. त्याचे स्क्रू ढिले होऊन तो खाली सरकला, की फटीतून हवा शिरते. नवे पॅकिंग घालून स्क्रू आवळा. आवळण्याचे काम प्रभाकररावांनाच करू द्या. हाताला बसून राहायची सवय लागता कामा नये.

तुझा,
श्रीपादमामा

जयपूर
२२ सप्टेंबर १९६१

ती. मामांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

ठिणगी निळी आणि ठसठशीत आहे. हे मी खात्रीने लिहू शकते, कारण एकदा ती मलाच बसली. माझी किंकाळी ऐकून रस्त्याने चाललेला उंट थांबला, असे घीसालालजी सगळ्यांना सांगतात. मी नजर वर न करता त्यांच्या दुकानावरून जाते.

पुढचे लिहिताना मात्र वाईट वाटते. बाबांनी नवे पॅकिंग घातले, एकेक स्क्रू आवळला. घामाघूम झाले, पण कितीतरी दिवसांनी शीळ घालत होते. परवा आम्ही निघालो आणि गाडी नेमकी त्याच जागी थांबली. बाबांनी स्टीअरिंगवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. आईला म्हणाले, की चार स्क्रू आवळण्याइतकाही जोर यात उरला नाही.

मी घीसालालजींना विचारले, की प्याला घट्ट बसवूनही तो पुन्हा खाली कसा येतो. ते बुचकळ्यात पडले. मग मी बोटाने जमिनीकडे दाखवले, तेव्हा ते इतके हसले, की त्यांना पगडी सावरावी लागली. मामा, त्यांच्या हिंदीत खाली म्हणजे रिकामा! प्याला सरकला नव्हताच. त्यात पेट्रोलचा थेंब नव्हता. शालान्त परीक्षेत भाषेला पहिली आलेल्या मुलीने एका शब्दापायी आपल्याला चुकवले आणि बाबांना दुखावले. क्षमा मागण्याचे धैर्य होत नाही. आपणच ती न मागता द्यावी.

आपली अपराधी,
विभा

सातारा
२७ सप्टेंबर १९६१

चि. विभास,
हसून हसून दुखणाऱ्या पोटासह आशीर्वाद.

मी पस्तीस वर्षे मोटारी दुरुस्त केल्या, पण व्याकरणाने बिघडलेली ही पहिलीच.

प्याला रिकामा, म्हणजे पेट्रोल टाकीतून पुढेच येत नाही. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले, तर धार थोडी येऊन थांबते. दुसरे भोक पाडले, हवा आत गेली, की तेल वाहते. तुमच्या टाकीच्या झाकणालाही हवेसाठी बारीक छिद्र असते. गाडी थांबली, की ते झाकण उघड. हवा ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर छिद्र बुजलेले आहे.

क्षमेचा अर्ज नामंजूर. गुन्हाच नाही.

श्रीपादमामा

जयपूर
४ ऑक्टोबर १९६१

ती. मामांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

झाकण उघडताच सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला आणि गाडी चटकन सुरू झाली. बाबा स्टीअरिंगवर होते. मागे काय झाले ते त्यांना दिसले नाही.

घरी आल्यावर मी झाकण उन्हात धरले. छिद्रात लाल लाख भरलेली आहे. मी आईला हळूच विचारले. मे महिन्यात वाळूची वादळे सुरू झाली, तेव्हा टाकीत रेती जाऊ नये म्हणून बाबांनीच बांगड्या करणाऱ्या मनिहारांकडून लाख आणली होती आणि ती तापवून छिद्रात भरली होती. त्यांना ते आठवत नसावे.

मामा, म्हणजे दोष खरोखरच त्यांच्या हाताचा निघाला. सुई तापवून छिद्र गुपचूप मोकळे करावे आणि मौन पाळावे, असे माझ्या मनात आहे. पण बाबांशी मी आजवर खोटे बोललेले नाही. आपण सांगाल तसे करीन. तोवर झाकण माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे आणि टाकीवर आईने फडके बांधले आहे.

विभा

सातारा
८ ऑक्टोबर १९६१

चि. विभास, आशीर्वाद.

कार्डावर जागा थोडी, म्हणून मुद्द्याचे. सुईला हात लावू नकोस. झाकण आणि भिंग प्रभाकररावांच्या पुढ्यात ठेव आणि खरे ते सगळे सांग. झटका फेब्रुवारीतला, लाख मे महिन्यातली. टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रात लाख अशी भरली, की चार-पाच महिने हवा आत गेली नाही आणि घीसालालजींसारख्या जाणत्या मिस्त्रीच्या नजरेतूनही ती सुटली. असे काम निकामी हाताचे नसते. माझ्या दोन्ही धडक्या हातांना ते जमले नसते.

श्रीपादमामा

जयपूर
१६ ऑक्टोबर १९६१

श्रीपादराव यांस,
माझा आणि माझ्या उजव्या हाताचा सप्रेम नमस्कार.

अक्षर डोंगर चढते आहे, ते चालवून घ्या. हे पत्र तीन बैठकांत होत आहे.

विभाने झाकण पुढे ठेवले आणि मान खाली घालून सगळे सांगितले. मी भिंगातून बराच वेळ पाहिले. किती सफाईचे काम होते ते! मोडवेना. शेवटी सुई तापवून मीच ते छिद्र मोकळे केले. एकदाच टोचले, सुई इकडेतिकडे घसरली नाही. काल सगळे कानोत्याला गेलो, धरणावर पुऱ्या खाल्ल्या आणि वाटेत कुठेही न थांबता परत आलो. भंगारवाल्याला येऊ नका म्हणून सांगितले आहे.

विभा शेजारी बसली आहे. मी दमलो असेन, शेवटची ओळ आपण लिहू का, असे तिसऱ्यांदा विचारते आहे. तिला लिहू देणार नाही.

आपला,
प्रभाकर