उन्हाळ्यातला मफलर

नांदेड,
१८ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप कस्तुराक्कांना,
सा. न. वि. वि., आणि प्रभूच्या नावात सलाम.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही. मी मोठ्यानं बोलले तर अख्खी गल्ली कान लावते, शिवाय तुमचे भाऊ शेजारी खाटेवरच असतात. म्हणून पत्र. वसतिगृहाच्या मुलींना दर रविवारी घरी पत्र लिहायला बसवणारी मेट्रन माझ्या पत्राला उत्तर दिल्याशिवाय राहणार नाही, ही खात्री आहे.

बातमी आनंदाची आहे. ह्यांच्या मानेवरची गाठ बसली! केमोचे चार डोस झाले. डॉक्टरांनी चाचपून पाहिलं आणि म्हणाले, आता हाताला लागत नाही. अजून दोन डोस आहेत, मग स्कॅन. हे एसटीच्या वर्कशॉपात जाऊन बसायला लागलेत. इंजिन खोलायची ताकद नाही, पण पोरांवर खेकसता येतं, म्हणजे तब्येत सुधारली म्हणायची.

काल चर्चमध्ये कापणीचा सण झाला. आमचा भोपळा लिलावात पाळकसाहेबांनीच घेतला. बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. त्यांनी संदेशात सांगितलं की आशीर्वाद पदरात पडायच्या आधी जो उपकार मानतो त्याचाच विश्वास खरा, पुरावा मागणारा रिकाम्या हातानं घरी जातो. अक्का, माझ्या अंगावर काटा आला. साक्ष देण्याची वेळ झाली तशी मी डोक्यावर पदर घेऊन उठले आणि भर मंडळीसमोर म्हणाले की प्रभूनं माझ्या मालकांना पूर्ण बरं केलं, गाठ गेली, आजार मुळापासून गेला. बायका रडल्या, हालेलुयाचा गजर झाला. हे पुरुषांच्या बाजूला मान खाली घालून बसले होते. लाजले असतील.

इतके महिने छातीवर जे ओझं होतं ते उतरल्यासारखं वाटतंय. एक काम सांगते. केस गेल्यापासून ह्यांना थंडी सोसत नाही. तुमच्या हातचा एक मफलर पाठवा.

माया आहे तशीच राहू द्या, आणि माझं चुकलंमाकलं पदरात घ्या.

तुमची,
सुकन्या


लातूर,
२८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सुकन्या हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, म्हणून चष्मा पुसून पुन्हा वाचावं लागलं. गाठ बसली, देवाचे उपकार. आबांनी अहमदपूरला बाप्तिस्मा घेतला तेव्हा आम्ही दोघं नावासकट मोठे झालो होतो. बजरंग नावाचा पोरगा चर्चात कसा बसवायचा म्हणून लोक हसले, तर तिथले पाळक म्हणाले की नाव राहू द्या, पोरगा सुधरवा. पोरगा सुधारला नाही, पण देवानं त्याला सोडलं नाही, हे खरं.

आता थोडी रागावते, मेट्रन म्हणालीस म्हणून. डॉक्टर म्हणाले हाताला लागत नाही. गेली, असं म्हणाले नाहीत. मधलं अंतर तू एका उडीत पार केलंस. धान्य खळ्यावर यायच्या आत कणगी सारवून ठेवावी, पण कणगी भरली म्हणून गावभर सांगू नये. असो. बोललीस ते मायेनं बोललीस, माझंही आमेन त्यात धर. पण उरलेले दोन डोस चुकवू नका. देवाला डॉक्टरची अडचण होत नाही.

मफलर शिवप्रसाद कंडक्टरकडे दिला आहे, तो नांदेडच्या गाडीवर असतो. रंग निळा. मुलींच्या स्वेटरची लोकर उरली होती. टाके जाड घेतले आहेत, वारा आत जाणार नाही.

बजरंगला म्हणावं, म्हाताऱ्या बहिणीला स्वतः दोन ओळी लिहिल्यानं हात झिजत नाही. तुम्हा दोघांवर जीव आहे, तो आहेच.

तुझी,
कस्तुराक्का


नांदेड,
६ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप अक्कांना,
सा. न. वि. वि., सलाम, आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा.

मफलर आला त्या दिवसापासून ह्यांच्या गळ्यातच आहे. नाताळच्या गाण्यांच्या फेरीत मफलर, जेवताना मफलर, झोपतानाही मफलर. धुवायला मागितला तर स्वतःच धुतात आणि ओलसर असतानाच पुन्हा गुंडाळतात. मी चेष्टेनं म्हटलं की लग्न माझ्याशी लावलं की अक्कांच्या लोकरीशी. हसले नुसते.

डोसांची काळजी करू नका. मला अंगणवाडीतून सुट्टी मिळत नाही, म्हणून हे वर्कशॉपातून परस्पर एकटेच गेले. दोन्ही झाले. डॉक्टर म्हणाले म्हणे की समदं ठीक हाय, स्कॅनची घाई न्हाई. एवढंच की जेवण कमी झालंय. भाकरी दुधात कुस्करून घेतात. औषधाची उष्णता असेल.

माझी साक्ष पाळकसाहेबांनी पार हदगावच्या मंडळीत सांगितली. आता बायका माझ्याकडून प्रार्थना करून घ्यायला येतात, मला संकोच वाटतो आणि, खरं सांगू, बरंही वाटतं. आमच्या मंडळीतली उमादेवी सुनेला घेऊन आली होती. पोरीला क्षय आहे. उमादेवी म्हणाली की तुमच्या मालकासारखा विश्वास आम्हीबी धरला तर गोळ्यांची गरज काय. मी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. गोळ्यांबद्दल काही बोलले नाही.

ह्यांनी आणखी एक मफलर सांगितला आहे. बारीक सुताचा, थंडी संपल्यावर वापरायला. बहिणीला हक्कानं सांगतात, मला बाजारातून आण म्हणत नाहीत.

तुमच्या प्रार्थनेत आमची आठवण असू द्या, लोभ तर आहेच.

तुमची,
सुकन्या


लातूर,
३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सुकन्या हिस,
आशीर्वाद.

गुडघ्यांनी खाट धरायला लावली, म्हणून उत्तराला उशीर. तुझं पत्र उशाशी होतं. बारीक सुताच्या मफलरचं वाक्य मनातून जाईना.

सुकन्या, नांदेडच्या उन्हाळ्यात गळ्याला कोण काय गुंडाळतं? तिथे माणसं सदरा काढून बसतात.

एक सांगते. बजरंग आठ-नऊ वर्षांचा असताना त्याला आमचाच कुत्रा चावला. कळलं असतं तर आबांनी कुत्र्याला मारलं असतं. म्हणून ह्यानं पोटरीला फडकं बांधलं आणि काटा लागला म्हणून सांगितलं. अंगात ताप भरला तेव्हा मी ते फडकं सोडलं. कुत्रा वाचला, आणि ह्याला पोटात सुया घ्याव्या लागल्या. हा माणूस स्वतःसाठी खोटं बोलत नाही. दुसऱ्या कुणाला वाचवायचं असलं की बोलतो.

ते दोन डोस घेताना तू पाहिलेस का? हे पत्र वाचून झालं की त्याच्या गळ्यातला मफलर सोड. तो नको म्हणेल. तरी सोड. माझी शंका खोटी निघाली तर मला वेडी म्हण, मी आनंदानं ऐकून घेईन. दुसरा मफलर मी विणणार नाही.

कस्तुराक्का


नांदेड,
११ फेब्रुवारी २०२५

अक्का,

मफलर सोडला.

त्यांनी माझा हात धरला होता, मग आपणच सैल सोडला. गाठ लिंबाएवढी आहे. तिच्या खाली आणखी दोन आहेत, काखेतही आहे. मी रोज त्यांच्या शेजारी झोपत होते, अक्का, आणि मला माहीत नव्हतं.

डोस घेतलेच नाहीत. दोन्ही वेळा वर्कशॉपातून निघून नदीच्या घाटावर बसून राहिले आणि संध्याकाळी घरी आले. दवाखान्याचे फोन त्यांच्याच मोबाइलवर येत होते. मी विचारलं का. तर म्हणाले की तू भर मंडळीसमोर बोललीस, मग मी सुया टोचून घेत बसलो तर लोक तुला लबाड म्हणले असते. तुझा शब्द पडू द्यायचा न्हाई, असं ठरवलं. आणि खरंच बरं झालोय असं त्यांना वाटलंही होतं. पुढे गाठ पुन्हा हाताला लागली तेव्हा वाटलं की बायकोचा विश्वास पुरा आहे, आपलाच कमी पडला. म्हणून ते एकटेच विश्वास वाढवायला बसले होते. मफलरच्या आत.

डॉक्टर रागावले नाहीत, याचीच मला भीती वाटली. म्हणाले की दुसरं औषध देऊन पाहू, पण शरीर सोसेल याची आशा धरू नका, वेळ गेली.

माझ्या जिभेनं त्यांचा घात केला. आणि ज्याच्या नावानं मी बोलले तो गप्प राहिला. तो मला त्याच वेळी खाली बसवू शकला नसता का? पाय घसरून पडले असते, घसा बसला असता, काहीही. मी त्याचा गौरव करत होते, अक्का, आणि त्यानं मला करू दिलं. मला त्याचा राग येतो. राग आला की भीती वाटते की याचीही शिक्षा ह्यांनाच होईल.

प्रार्थनेला बसते पण जमत नाही. प्रभूच्या प्रार्थनेत तुझ्या इच्छेप्रमाणे होवो ही ओळ येते आणि माझं तोंड मिटतं. ती त्याची इच्छा असेल तर मला ती नको आहे.

वर सलाम लिहिला नाही, समजून घ्या. लोभ ठेवा असं कुठल्या तोंडानं लिहू? तुमचा एकुलता एक भाऊ आहे.

सुकन्या


लातूर,
१६ फेब्रुवारी २०२५

सुकन्या,

तुझं पत्र मी भिरकावून दिलं होतं. तुला माफ करायचं की नाही ते ठरवू म्हणून दिवसभर तुझ्याशी मनात भांडले. असं बोलले की ते इथे लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळी कपाटात ती निळी लोकर दिसली. जाड टाके मीच घेतले होते, वारा आत जाऊ नये म्हणून. तुझी नजरही गेली नाही. आता कोण कुणाला माफ करणार?

धीर धर असं मी लिहिणार नाही. माझ्याजवळ नाही तर तुला कुठून देऊ. बज्याला मी कडेवर वाढवलाय. मी आधी जायचं, असा आमचा हिशेब होता. मीही देवाशी भांडते आहे. पण भांडायला तरी कुणी समोर लागतं, म्हणून अजून त्याच्यासमोरून उठलेले नाही. माझा विश्वास सध्या एवढाच उरला आहे.

एक गोष्ट मात्र तुला करावी लागेल. उमादेवीची सून. त्या पोरीनं गोळ्या बंद केल्या असतील तर त्या तुझ्या साक्षीवर केल्या आहेत. ज्या तोंडानं साक्ष दिलीस त्याच तोंडानं, त्याच जागी उभी राहून ती परत घे. लोक बोलतील, बोलू दे. आपलं माणूस हातचं चाललंय, त्यांचं तरी राहू दे.

गुडघे साथ देतील तसं मी येते. बज्याला सांगू नकोस, मला बरा दिसावा म्हणून तो दाढी करून बसेल.

अक्का


नांदेड,
२४ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप अक्कांना,
सा. न., आणि सलाम. आज लिहिला, हातानं लिहिला गेला.

काल चर्चमध्ये उभी राहिले. ह्यांना घरी राहा म्हटलं होतं, पण ऐकलं नाही. पुढच्या बाकाला धरलं. म्हटलं की मी कापणीच्या सणाला जे बोलले ते खरं नव्हतं. हे बरे झालेले नाहीत. डॉक्टरांनी म्हटलं नव्हतं ते मी देवाच्या नावावर खपवलं. आता हे वाचतील असं वाटत नाही. गोळ्या घेणाऱ्यांनी माझ्याकडे पाहून गोळ्या सोडू नयेत.

कुणी आमेन म्हणालं नाही. पाळकसाहेब खाली पाहत राहिले. मागून कुणीतरी हळूच म्हणालं की विश्वास डळमळला म्हणूनच असं झालं. तेवढ्यात पुरुषांच्या बाजूला हे उठले. बाकाला धरून उभे राहिले आणि गळ्यातला मफलर सोडायला लागले. वेळ लागला, बोटांत जोर नाही. मग उघड्या गळ्यानं सगळ्यांकडे वळले आणि म्हणाले की बायको लबाड न्हाई, देवबी लबाड न्हाई, मी दवाखान्यात गेलो न्हाई, हे बघा. लेकरं आयांना बिलगली. उमादेवीची सून तोंडाला पदर लावून बाहेर गेली. आज सकाळी ती घरी येऊन सांगून गेली की गोळ्या पुन्हा चालू केल्या.

त्या पोरीसाठी मला आनंद व्हायला हवा. होत नाही. तिच्या वाट्याला जे आलं ते ह्यांच्या वाट्याला का नाही, हेच मनात येतं. मी अशी झाले आहे.

घरी आल्यावर हे म्हणाले की प्रार्थना करू. माझी इच्छा नव्हती, पण त्यांना नाही म्हणवेना. दोघं खाटेवर बसलो. त्याच्या इच्छेच्या ओळीपाशी मी थांबले. पाहिलं तर तेही थांबले होते. मला वाटलं होतं त्यांना तरी म्हणता येत असेल. मग म्हणाले की ऱ्हाऊ दे ती, भाकरीच्या ओळीवर ये. आमची रोजची भाकर आज आम्हास दे, ही ओळ आम्ही दोघांनी मिळून म्हटली. भाकरी आता त्यांच्या घशाखाली उतरत नाही, पेज उतरते.

मफलर धुऊन दोरीवर टाकला आहे. त्यांनी मागितला नाही. उघड्या गळ्याला वारा लागतो ते बरं वाटतं म्हणतात.

लवकर या. तुम्ही येणार हे त्यांना कळलंच आहे, मलाच राहवलं नाही, दाढी करतील. लोभ ठेवा, आता तोच लागेल. आणि आल्यावर आमच्या मध्ये बसून ती इच्छेची ओळ तुम्ही म्हणा, अक्का. आमेन म्हणता आलं तर आम्ही म्हणू.

तुमची,
सुकन्या