दरोग्याचं सोंग

अर्धापूर, शुक्रवार, संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर

दरोग्याचं सोंग आज इतकं चोख होतं, की निजामाच्या खऱ्या शिपायानंही सलाम ठोकला असता. मिशीचा पीळसुद्धा बरोबर. गोदाकाकूच्या दारात दरसालसारखा गरजलो, "तुमच्या कोंबड्यानं पहाटे बांग दिली न्हाई! चला ठाण्यावर!"

दरसाल ती हसत केरसुणी उगारते. आज पाया पडली. "कोंबडा न्या साहेब, पोराला नका नेऊ."

मी घाईनं मिशी उपटली. "काकू, मी इमाम! बहुरूपी!"

तिनं नीट निरखलं. "इमाम, तू बी रझाकारांत गेलास?" आणि आतून कडी लावली.

मिशी काढायलाच नको होती का?

माझ्या खोट्या कचेरीत शेवटी सगळेच निर्दोष सुटतात. तेवढा निकाल बंद दाराला ऐकवून आलो.