कूलर भरून ठेवलाय

शिवानीचे पप्पा,

मी पोरीला घेऊन लोह्याला दादाकडं चालले. भाकरी टोपल्यात हायत.

लोकांच्या घरी वायरिंग करताना तुम्ही सांगता, ईएलसीबी बसवा, पत्र्यात करंट उतरला की लाईट आपोआप बंद होते, जीव वाचतो. आपल्या घरातला मात्र मॅचच्या टायमाला सारखा पडायला लागला म्हणून काढून फेकलात आन् डायरेक्ट जोडलं. कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात, असं मी आठ दिवस सांगत होते. "तुझ्या मनाचे खेळ हायत," म्हणलात.

काल पाणी भरताना शिवानी चिकटली. मी पळत जाऊन मेन बंद केला, तवा सुटली. आन् तुम्ही आतून वरडलात, "मॅच चालू हाय, लाईट कुणी घालवली?"

तिचा हात कसा हाय, हे तुम्ही अजून विचारलं न्हाई, म्हणून मी बी लिहीत न्हाई.

गरमी लई हाय. मेन बंद ठेवून कूलर काठोकाठ भरलाय, तुमच्या खाटेजवळ सरकवलाय. वायर तुम्ही जोडली तशीच हाय. मेन चालू करा आन् ओल्या हातानं पत्र्याला हात लावून बघा. माझ्या मनाचेच खेळ हायत ना?

मंजुश्री