पंगतीतला पहिला उकार

आज आले ते असे: फुलस्केप कागदाचा एक दस्ता, अकरा रुपये, काळ्या शाईचे पेन, पाच रुपये, गोंदाची लहान बाटली, साडेतीन रुपये. स्टँपचा कागद आणलेला नाही. मृत्युपत्राला तो लागत नाही असे वकिलांनी सांगितले, आणि त्यांनी सांगितले नसते तर मीच विचारले असते. कागद जुलैतच आणणार होते, पण अधिक महिन्यात असले लिखाण नको म्हणून निज श्रावण लागेपर्यंत थांबले.

मी, श्रीमती सिंधुबाई रंगनाथ विधाते, वय चौसष्ट, शिक्षण जुनी मॅट्रिक, धंदा घरकाम व मासिक, राहणार जेल रोड, नाशिकरोड. पतीचे नाव मी तोंडाने कधी घेतले नाही, इथे कायद्यापुरते लिहिले आहे. यापुढे ‘हे’ असे वाचावे. वणीच्या आईला स्मरून सांगते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गणपती बसण्याआधी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे, डोक्याला काही झालेले नाही; डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी शेजारी बसून मला हे सांगत नाही. मुलगा शेखर सकाळी बसून सांगत होता, म्हणून त्याला भाजी आणायला पाठवले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले, आणि देवाने बरे केले तरी हेच राहील.

कलम पहिले, घर. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे ओटा. हे सरकारी नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला होते, त्यांच्या फंडातून बांधले आणि माझ्या नावावर केले. शेखर व मुलगी शुभांगी यांना निम्मे-निम्मे. लग्न झालेल्या मुलीला कशाला, असे माझे दीर म्हणतील. म्हणू द्यावे. मासिक निघाले तेव्हा ते म्हणाले होते, “वहिनीच्या नावाचं मासिक? मग गाणी कशाला, लोणची छापा.” ते वाक्य मी तेरा वर्षे सांभाळले आहे, आता त्यांना साभार परत.

कलम दुसरे. पोस्टातल्या ठेवीतून आधी दवाखान्याचे बिल द्यावे, उरेल ते दोघांत सारखे. बांगड्या सून निकिता हिला. तिला सैल होतील; मोडून हाताच्या करून घ्याव्यात आणि घालाव्यात. कपाटात ठेवायला दिलेल्या नाहीत.

कलम तिसरे. यांची पेटी हरसूलच्या महिला भजनी मंडळाला, म्हणजे मंडळाच्या प्रमुख चांगुणाबाई यांच्या ताब्यात द्यावी. घरात कोणी वाजवत नाही आणि झाकून ठेवलेल्या पेटीत झुरळे होतात. चांगुणाबाई कोण, हे पुढच्या कलमात येईल.

कलम चौथे, मासिकाचे नाव. हे लांबणार आहे, पण सगळे भांडण याच कलमाचे आहे, म्हणून नीट लिहिते.

यांना संगीताचे भारी वेड. १९९१ साली यांनी मासिक काढायचे ठरवले. सरकारी नोकरीमुळे स्वतःचे नाव घालता येईना, म्हणून प्रकाशक व मालक म्हणून माझे घातले. यांच्या मनात असे की भजनवाले, ऑर्केस्ट्रावाले, बँडवाले, क्लासवाले, सगळे एका पंगतीला बसवायचे. म्हणून नाव ठरवले ‘सूरपंगत’. सू दुसऱ्या उकाराचा, दीर्घ.

मासिकाच्या डोक्यावरची नावाची पट्टी काढायला दिली पुंजा पेंटरकडे. तो ट्रकच्या पाट्या रंगवायचा. त्याने जाड काळी अक्षरे काढली, मागे लाल सावली, आणि अक्षरांखाली आडवी वीणा. झकास दिसत होती. पण त्याने लिहिले ‘सुरपंगत’. पहिला उकार. आणि हे आमच्या लक्षात आले जस्ताचा ब्लॉक तयार होऊन छापखान्यात गेल्यावर.

“पुंजा, अरे सूर दीर्घ असतो!” हे ओरडले.

“माहीतय साहेब. पण दुसऱ्या उकाराचं शेपूट वीणेच्या भोपळ्यात घुसत होतं. वीणा हलवू का?”

“वीणा कशाला हलवतोस? उकार हलव!”

“आता ब्लॉक झाला. नवा ब्लॉक, नवं बिल.”

यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, पहिला अंक जाऊ द्या असाच.

अंक गेला आणि जे झाले ते आम्हा दोघांनाही सुचले नसते. सुर म्हणजे देव. हरसूलला एका कीर्तनकाराने बायकांना सांगितले, हे देवांच्या पंगतीचे मासिक आहे. त्र्यंबककडची, पेठकडची, सिन्नरची भजनी मंडळे वर्गण्या पाठवू लागली. पहिल्या महिन्यात तिघींनी तर नैवेद्याच्या पाककृती छापायला पाठवल्या. हे कपाळाला हात लावून बसले. “मी संगीताचं मासिक काढलंय की पुरणावरणाचं?” मी म्हटले, वाचक दारात आलाय तर त्याला स्वर शिकवा, हाकलता कशाला? मग यांनी भजनांना सा रे ग म लावून छापायला सुरुवात केली. ज्या बायका नुसत्या टाळावर गात होत्या त्यांनी पेट्या घेतल्या.

ज्यांच्यासाठी यांनी मासिक काढले होते ती ऑर्केस्ट्राची पोरे मात्र आली नाहीत. स्टँडवरच्या स्टॉलवर ती वीणा आणि ते नाव बघायची, “देवाधर्माचं दिसतंय” म्हणून पुढे जायची. यांना ते फार लागले. दर दिवाळी अंकाच्या वेळी हे म्हणत, “या वर्षी दुसरा उकार घालू.” आणि घालत नसत. १९९९ साली हे गेले तोवर घातला नाही. यांची इच्छा दुसऱ्या उकाराची होती, हे मी कागदावर कबूल करते, म्हणजे उद्या कोणी ते शोधून काढल्यासारखे करू नये.

यांच्या मागे शेखरने संगणकावर नवी पट्टी केली. तिरकी पिवळी अक्षरे, वीणेच्या जागी गिटार, सू दीर्घ. त्याचे म्हणणे असे: “आई, स्टॉलवाला मासिकं एकाखाली एक खोचतो. वरची दोन बोटं तेवढी दिसतात. त्यात पोराची नजर अडकली नाही तर आत काय छापलंय ते तुझ्या देवालाच कळणार.” यात त्याचे चुकलेले नव्हते. मी स्वतः स्टॉलसमोर उभी राहून पाहिले. आपली वीणा कुठल्याशा सिनेमाच्या अंकाखाली पूर्ण झाकली गेली होती. मी म्हटले, कर तीन अंक.

स्टॉलवरचे अंक संपले. कॉलेजच्या पोरांनी हौसेने घेतले, हेही लिहिते. पण टपालाने गेलेले गठ्ठे परत येऊ लागले. कुणावर ‘घेण्यास नकार’, कुणावर नुसते ‘आमचे नव्हे’. तिसऱ्या अंकानंतर चांगुणाबाई चौघीजणींना घेऊन, आधी जीप मग एसटी करून, आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. त्याआधी मी त्यांना फक्त पत्रातून ओळखत होते, आणि पत्रेही त्यांची नात लिहायची.

“बाई, आमचं मासिक कुठं हाय?”

मी नवा अंक पुढे केला.

“हे नाय. मला वाचता येत नाय, पण माझं मी वळखते. ह्यात तर देव पंगतीतून उठवले अन् ही गिटार बसवली.”

शेखर हसला. “मावशी, ही साधी गिटार नाही. बेस गिटार आहे.”

“आसंल बेस. आमच्या कामाची नाय.”

“अहो, आत तीच भजनं आहेत. पान उघडून तर बघा!”

“आरं लेकरा, दारावरचं नाव पुसलं तर मी घर कसं वळखू? अन् दुसऱ्याच्या घरात कशाला शिरू?”

मी चौथ्या अंकाला जुना ब्लॉक काढला. शेखर माझ्याशी संक्रांतीपर्यंत बोलला नाही. तिळगूळसुद्धा निकिताच्या हाती पाठवला. खोली तीन पावलांवर असताना.

आता मुंबईची एक कॅसेट कंपनी नाव विकत मागते आहे. तरुणांसाठी रंगीत मासिक काढणार, भजने बंद. शेखर म्हणतो, “त्यांना तुझं मासिक नकोच आहे, आई. नोंदवलेलं नाव पाहिजे. आणि ते दुसरा उकारच घालणार. नानांचीही तीच इच्छा होती ना?”

त्याला इथे उत्तर देते. नानांना, म्हणजे यांना, नवे वाचक हवे होते. असलेले उठवायचे नव्हते. दर दिवाळीला म्हणायचे आणि घालायचे नाहीत, ते कशामुळे? ब्लॉकचे पैसे पुढे कधीच नव्हते असे नाही. हातात चांगुणाबाईंचे पत्र असायचे. हे वाचक आम्ही निवडले नाहीत, त्या उकाराने निवडले. पण एकदा पानावर बसवलेल्या माणसाला, तुझे नाव चुकून लिहिले होते, असे मी सांगणार नाही. माझ्या घरात कोणाचे असे झालेले नाही.

म्हणून: ‘सुरपंगत’ हे नाव, त्याची नोंदणी, जस्ताचा ब्लॉक, वर्गणीदारांच्या पत्त्यांचे कपाट आणि मासिकाचे खाते मी मुलगी सौ. शुभांगी महेश ताजणे, राहणार सिन्नर, हिला देत आहे. शाळेत असल्यापासून पत्ते तिने लिहिले आहेत. कुठल्या मंडळात कोणाला मोठे अक्षर लागते ते तिला विचारावे लागत नाही. अट एकच. नावाच्या पट्टीत पहिला उकार तसाच राहील. बाकी रंग बदलावा, वीणा वर न्यावी, स्टॉलवर दिसेल असे अक्षर मोठे करावे, पोरांसाठी आत चार पाने गिटारची घालावीत. ती मलाही शिकायची होती. हरकत फक्त ज्यांचे मासिक आहे त्यांना ते ओळखू न येण्याला आहे.

संगणक, छपाईयंत्र आणि ती तिरकी पिवळी पट्टी शेखरला. पट्टी चांगली आहे. तिच्यावर त्याने स्वतःचे नवे नाव लिहावे, नवे मासिक काढावे, पहिली वर्गणी माझ्या ठेवीतून भरावी. मी नसले तरी मला अंक पाठवत राहावे असा आग्रह नाही.

कलम पाचवे. शुभांगी नाही म्हणाली तर मासिक बंद करावे. वाचकांची उरलेली वर्गणी मनीऑर्डरने परत करावी, सोबत दोन ओळींचे पत्र जावे. ब्लॉक गोदावरीत सोडावा. नाव कोणालाही, कितीही किमतीला, विकू नये. अशा वेळी शेखरने कंपनीला माझ्या नावाने नकार कळवावा. त्याला जड जाईल, पण त्याचे मराठी चांगले आहे.

कलम सहावे. माझ्या मागे मोठा कार्यक्रम नको. अंकात बातमी द्यायची तर आतल्या पानावर चार ओळी. फोटो छापू नये, माझे फोटो चांगले येत नाहीत. दहा दिवस घरात रोज संध्याकाळी भजन व्हावे. पायपेटी शेजारून आणावी, तबल्याला भाड्याचा माणूस बोलावू नये.

या सगळ्याची अंमलबजावणी अ‍ॅड. सुवर्णा मंडलिक यांनी करावी. त्यांनी फी सांगितली ती मला जास्त वाटली, तरी माणूस सरळ आहे.

वरील मजकूर मी माझ्या हाताने लिहिला, वाचला, दोन ठिकाणी खोडून दुरुस्त केला. खोडलेल्या जागी सही केली आहे.

सही: सिंधुबाई रंगनाथ विधाते

आम्हा दोघांच्या समोर सिंधुबाईंनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली:

१. डॉ. ज्ञानेश काठे, जेल रोड
२. यादव पगारे, बाइंडर, देवळाली गाव

स्थळ: नाशिकरोड. दिनांक १८ ऑगस्ट २००४.

ही दुसरी प्रत शुभांगीला रजिस्टर पोस्टाने. चि. शुभांगी, अनेक आशीर्वाद. चौथे आणि पाचवे कलम दोनदा वाच. प्रकाशक म्हणून तुझे नाव छापले जाईल, सासूबाईंना ते रुचणार नाही हे मी धरून चालले आहे. महेशरावांशी बोल, घरात भांडण करून हो म्हणू नकोस. फोनही करू नकोस. फोनवर माझा आवाज ऐकून तू रडशील आणि ऑपरेशनच्या भीतीने हो म्हणशील. असले हो घेऊन मी टेबलावर झोपणार नाही. नाही असेल तर स्पष्ट नाही लिही, मी रागावणार नाही. फक्त मग वाचकांना शेवटचे पत्र मला दवाखान्यात जाण्यापूर्वी स्वतः लिहायचे आहे, कारण ते दुसऱ्या कोणी लिहिलेले चांगुणाबाईंना चालणार नाही. तेव्हा काय ते ठरव आणि उलट टपाली कळव.