एलंडच्या रश्श्याबद्दल

गारिकाय,

काल पाहुण्यांना जुने दगडी कोट दाखवून आपण सफारीच्या तळावर जेवायला बसलो. तिथे तू मला बकऱ्याचा म्हणून एलंड हरणाचा रस्सा वाढलास. माझं देवक मलाच खायला घालून पाहुण्यांना म्हणालास, "आता बघा, म्हाताऱ्याचे दात पडतात का." भाच्यानं मामाची थट्टा करावी, ही आपली रीतच आहे. देवकाची करू नये.

देवक खाल्लं की दात पडतात म्हणतात; माझे शाबूत आहेत. आज हत्ती दाखवायला तू एकटाच जा, त्याआधी कोंबड्या सोड. मी सेकाईच्या बापाकडे निघालोय, पण ठरलं होतं तशी तुझ्यासाठी तिला मागणी घालायला नाही. तेही एलंडच्या कुळाचे, म्हणजे सेकाई माझीही लेकच, आणि मी आता मुलीकडचा. रश्श्याची गोष्ट त्यांना सांगेन.

शनिवारी तूच मागणी घालायला तिकडे ये. होणाऱ्या जावयाच्या रिवाजाप्रमाणे दाराबाहेर बसून टाळ्या वाजव. आत घ्यायचं की नाही, ते मी ठरवीन.

मामा